बापाच्या पानावरची बिडी

बिडी सोडून हरेश्वरला आज नववा दिवस होता, आणि या नऊ दिवसांत घरातलं एकही माणूस त्यानं भांडल्याशिवाय सोडलं नव्हतं. बायकोशी रोज. मुलीशी, ती मोबाईलवर हळू बोलते म्हणून, आणि मग मोठ्यानं बोलते म्हणून. म्हाताऱ्या आईशी चहावरून. पाचव्या दिवशी त्यानं टीव्हीचा रिमोट भिंतीवर मारला, सेल उडून खाटेखाली गेले, ते शोधायला तो वाकला आणि सापडेनात म्हणून तिथंच फतकल मारून ढसाढसा रडला. शेहेचाळीस वर्षांचा बाप्या, बंदरात चाळीस फुटी ट्रेलर एका दमात मागं लावणारा, आणि दोन सेलांसाठी रडतोय! हसू येतं ना? ज्यानं जन्मात बिडी ओढली नाही त्याला येणारच.

गावातले शहाणे येऊन सांगून जात, "मनाचा निश्चय पाहिजे रे, बाकी काय न्हाय." कुणी वेलची दिली, कुणी बडीशेप, कुणी दालचिनी. हरेश्वरनं सगळं चघळलं. दालचिनीची काडी तर त्यानं दोन बोटांत धरून ओढूनही पाहिली. तिच्यातून काय येणार, कपाळ? तीस वर्षं दर अर्ध्या तासाला ज्या हाताला काहीतरी उद्योग असायचा, तो हात आता मांडीवर नुसता पडून थरथरायचा. चौथ्या दिवशी तो न्हाणीमागं जाऊन थोटकं शोधत होता. पावसानं लगदा झालेलं एक मिळालं, ते त्यानं पत्र्यावर उन्हात वाळत घातलं आणि शेजारी राखण करत बसला. हेमांगीनं, त्याच्या बायकोनं, ते पाहिलं, उचललं आणि पाणी तापवायच्या चुलीत टाकलं.

कारण हेमांगीला पाय दिसत होता. हरेश्वरला फक्त बिडी दिसत होती.

त्याच्या उजव्या पायाचा अंगठा आधी थंड पडला होता. मग निळा झाला. मग नखाच्या कडेनं काळा, आणि तिथं एक जखम, जी काही केल्या भरेना. आडवं पडलं की पायात आतून कुणीतरी करवत चालवायचं, म्हणून महिनाभर तो पाय खाली सोडून बसल्या बसल्या झोपत होता. शेवटी हेमांगीनं त्याला रेवसच्या लाँचमध्ये घातला आणि भाऊच्या धक्क्यावर उतरवून मुंबईच्या डॉक्टरपुढं नेऊन उभा केला. डॉक्टरनं पायावर कसलंसं यंत्र फिरवलं आणि स्वच्छ सांगितलं, "रक्ताच्या नळ्या आवळल्यात. हे बिडीचं काम. आजपासून बिडी बंद, औषधं चालू. दुसऱ्या बुधवारी या. जखम सुकायला लागलेली दिसली तर अंगठा ठेवू. नाहीतर काढावा लागेल. आणि काढल्यावरही तुम्ही ओढत राहिलात, तर मग घोटा, मग गुडघा."

"साहेब, एखाददुसरी?" हरेश्वरनं विचारलं होतं. विचारलं होतं की नाही पाहा!

"एकसुद्धा नाही. एक म्हणजे एक."

घरी आल्या आल्या हेमांगीनं शर्टांचे खिसे, गादीची खोळ, ट्रेलरची केबिन, सगळं झाडून काढलं. मग पदर खोचून ती गावातल्या तिन्ही टपऱ्यांवर गेली आणि चार माणसांसमोर म्हणाली, "यांना जो कोणी बिडी देल, त्याच्या दारात यांचा कापलेला पाय आणून ठेवीन." आता अशा बाईशी कोण वाकडं घेणार? टपरीवाल्या खलीलकडून हरेश्वर मिसरूड फुटल्यापासून बंडल घेत आलेला. तो खलीलसुद्धा त्याला लांबून लंगडत येताना पाहिला की बिड्यांच्या बरणीवर फडकं टाकायचा आणि पेपरात तोंड घालायचा.

आणि गंमत अशी की पाय ऐकत होता. त्याची मुलगी प्राप्ती रोज सकाळी पट्टी बदलताना अंगठ्याचा फोटो काढून ठेवायची. नऊ दिवसांचे नऊ फोटो. पहिला आणि आजचा शेजारी ठेवून ती त्याच्या नाकासमोर धरायची. "पप्पा, बघा ना. कडेचा काळेपणा आत सरकलाय. जखम कोरडी पडतेय." हरेश्वर बघायचा. त्याला कळायचंही. पण कळणं वरच्या मजल्यावर राहतं आणि तलफ तळमजल्यावर, आणि घराचं दार तळमजल्यालाच असतं. परवाचा बुधवार तोंडावर आला होता, आणि त्याला वाटत होतं की बुधवारपर्यंत आपण काही पोचत नाही.

त्यात सोमवारी काळूरामची तिथी आली.

काळूराम म्हणजे हरेश्वरचा बापूस. मिठागरावर हाडं झिजवली, बिडीवर छाती झिजवली आणि तीन वर्षांपूर्वी खोकता खोकता गेला. पितृपक्षात त्याच्या तिथीला पान निघायचं. वडे, तांदळाची खीर, अळूची भाजी, वालाचं बिरडं, आणि पानाच्या कडेला एक बिडी. ती पेटवलेली ठेवायची, हा या घरचा दंडक. थंड बिडी ठेवून उपयोग काय, मेलेल्या माणसाजवळ काडेपेटी कुठून येणार? म्हणून थोरल्या मुलानं ती आपल्या तोंडात धरायची, काडी लावायची, दोन झुरके मारून निखारा नीट धरू द्यायचा, आणि मग पानाशी ठेवायची. काळूरामनं आपल्या बापासाठी हेच केलं होतं, हरेश्वरनं मागली दोन वर्षं हेच केलं होतं.

सकाळी वडे थापता थापता हेमांगी सासूला म्हणाली, "आई, तुमच्या पाया पडते. यंदा पानावर बिडी नाय."

कमळ, हरेश्वरची आई, चुलीपाशी मशेरी लावत बसली होती. बोट तोंडातच राहिलं. "खीर नसली तरी चालंल गं त्याला. बिडी नसली तर तो पानाकडं ढुंकून बघायचा न्हाय."

"नाय बघितलं तर नाय! जिवंत माणसाचा पाय मोठा, की मेलेल्याची बिडी?"

असं सासूला बोलायची हेमांगीची रीत नव्हती.  कमळनं उठून चूळ भरली आणि भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोपाशी जाऊन उभी राहिली. खाटेवर पडलेल्या हरेश्वरला तिचं पुटपुटणं स्पष्ट ऐकू आलं. "औंदा नुसता जेवून जा. पोराचा पाय हाय. ऐक माझं, एक डाव तरी ऐक."

हरेश्वरला गलबलून आलं. खरंच आलं. आई आपल्यासाठी मेलेल्या नवऱ्याची समजूत घालतेय, आणि आपण? त्यानं उशीत तोंड खुपसलं. आणि तिथं उशीत, डोळे ओले असतानाच, त्याच्या डोक्यात आलं : कावळा शिवला नाही तर?

कावळा शिवला नाही तर आई म्हणणार, बिडी नाही म्हणून शिवत नाही. बिडी आणावी लागणार. आणली की ती पेटवणार कोण? थोरला मुलगा. दोन झुरके. धर्माचे दोन झुरके, त्याला कोण काय म्हणेल? ओढणार बापूस, आपण फक्त पेटवणार. डॉक्टरनं बिडी ओढू नको म्हटलंय, पेटवू नको कुठं म्हटलंय? मन असं पोहोचलेलं असतं बघा. वकील परवडला.

बारा वाजता पान वाढून झालं. नागावला दिलेली त्याची बहीण रचना स्कूटरवरून आली होती. ती म्हणाली, "दादा, तू नको वर चढू, मी नेते पान."

"थोरला मी हाय का तू?" हरेश्वर खेकसला. पान त्यानं स्वतः उचललं, खांद्यावर पंचा टाकला आणि एकेक पायरी चढत स्लॅबवर गेला. प्राप्ती मागून येत होती, तिला त्यानं जिन्यातूनच परत पाठवलं. "माणसं बघून कावळा येत न्हाय. खाली थांबा सगळी."

पान त्यानं कठड्यावर ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले. मग हाक मारली, "काव... काव..."

दोन हाकांत कावळा आला. अहो, इतर घरी माणसं तासतास ताटकळतात, आणि इथं कावळा जणू टाकीवर बसून वाटच पाहत होता! मान तिरकी करून त्यानं हरेश्वरकडं पाहिलं, कठड्यावर उतरला आणि टुणटुण करत पानाकडं निघाला. वड्यापासून वीतभर लांब होता.

हरेश्वरचा हात खांद्याकडं गेला. आपण काय करतोय हे त्याला नीट माहीत होतं, ते कुणावर ढकलायची सोय नाही. त्यानं पंचा ओढला आणि हवेत फटकारला. कावळा उडाला.

"शिवला काय रे?" खालून आईची हाक.

"न्हाय अजून," हरेश्वर म्हणाला. 

कावळा शेजारच्या माडावर जाऊन बसला, आणि थोड्या वेळानं परत आला. पुन्हा पंचा. मग डिशच्या छत्रीवर बसून ओरडला, परत आला. पुन्हा पंचा. तिसऱ्यांदा हाकलताना हरेश्वरनं दात ओठ खाऊन शिवी दिली, आणि ती कुणाला दिली हे लक्षात आल्यावर त्यानं जीभ चावली. तो टाकीच्या सावलीत बसला. अंगठा ठणकत होता. "बापू, माफ कर," तो पुटपुटला. "एकच पाहिजे रे. दोनच झुरके. तुला ठाऊक हाय कसं होतं ते." बापाला ठाऊक होतं यात शंकाच नाही. पण म्हणून बापाला पानावरून उठवायचं?

पाऊण तास गेला. ऊन डोक्यावर आलं. खालून रचनाची हाक आली, आता तिच्या आवाजात धसका होता. "दादा, लवकर बोलव ना रे! आयेला घाम फुटलाय. सकाळी साखरेची गोळी घेतलीय तिनं, पोटात काही नाय. बापू जेवल्याबिगर पाण्याचा थेंब घेत नाय म्हणते!"

हे हरेश्वरनं ऐकलं. ऐकलं, उठला, आणि त्याच क्षणी कावळा पुन्हा कठड्यावर उतरला. आता फक्त गप्प बसायचं होतं. काही करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. आई खाली कासावीस झालीय, बापूस दारात आलाय, आणि पंचा हातात आहे. त्यानं पंचा फटकारला. एकदा, आणि कावळा परत फिरला तेव्हा पुन्हा एकदा. पाच वेळा झालं ते. ती संख्या त्याच्या डोक्यात खिळ्यासारखी बसली.

"बिडी पाहिजे त्याला!" तो जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडला. "त्याबिगर शिवायचा न्हाय तो!"

 खालून हेमांगीचा आवाज, "नाय." मग कमळचा, थकलेला, "अगं, मी मरन इथं."  मग स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला, आणि हरेश्वरनं डोळे मिटून घेतले. तोंडाला पाणी सुटलं होतं. आनंद झाला होता त्याला, लाज सोडून आनंद. असा आनंद त्याला प्राप्ती झाली तेव्हा झाला होता.

रचना परत आली तेव्हा तिच्या मुठीत एकच बिडी होती. बंडल द्यायला खलील तयार झाला नव्हता. "काळूराम चाचांच्या पानासाठी म्हणून देतो," तो म्हणाला होता, "एकच. और हरेशभाईको दूर रखना." सगळ्या बायका वर आल्या. कमळला दोन्हीकडून धरून आणावं लागलं. तिच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. जिन्याच्या तोंडाशी ती भिंतीला टेकून उभी राहिली. हेमांगीनं बिडी आणि देवापुढची काडेपेटी हरेश्वरच्या हातात दिली. नऊ दिवस जी बाई डोळ्यांत तेल घालून पहारा देत होती, तिनं स्वतःच्या हातानं दिली. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"दोन झुरके मारलेत की ठेवून द्या," ती म्हणाली. "तिसरा नको." तिचा आवाज फुटला आणि तिनं तोंड फिरवलं.

हरेश्वर पानासमोर उकिडवा बसला. बिडी ओठांत धरली. बिडीच्या पानाचा, त्या तंबाखूचा वास नाकात शिरला आणि त्याचं सगळं अंग सैल पडलं. पहिली काडी घासतानाच मोडली. दुसरी पेटेना. तिसरी काडी तो पेटीवर घासतच होता, एका हातात पेटी, एका हातात काडी, आणि फडफड झाली. कावळा उतरला. सरळ पानावर. हरेश्वरचे दोन्ही हात गुंतलेले होते, हाकलणारं कुणी नव्हतं. कावळ्यानं वडा चोचीत धरला, खिरीत पाय बुडवला आणि माडाकडं निघून गेला.

"शिवला! शिवला!" रचना ओरडली. प्राप्तीनं टाळ्या पिटल्या. हेमांगी मटकन खाली बसली.

"पेटवू नको!" कमळचा आवाज कसा कोण जाणे खणखणीत निघाला. "हरेशा, पेटवू नको! बघितलंस? बिडी पेटायच्या आधी आला तो. धूर तुझ्या छातीत जायच्या आधी आला. त्याला नको बिडी! पोराचा पाय राखला माझ्या मानसानं!" ती हात जोडून माडाकडं बघत रडत होती, हसत होती. "एवढा वेळ कशाला थांबला असंल? तुला बघत व्हता, तू काय करतोस ते बघत व्हता!"

हरेश्वरच्या ओठांतून बिडी खाली आली. ती त्यानं मुठीत धरली.

"चला, आईला आधी खायला द्या," हेमांगी डोळे पुसत म्हणाली, आणि सगळ्या कमळला घेऊन खाली उतरल्या. बोलत, सुस्कारे टाकत. बापानंच निकाल लावला होता, आता राखण कशाला? हरेश्वरच्या हातात बिडी आहे, काडेपेटी आहे, आणि वर तो एकटा आहे, हे कुणाच्याही ध्यानात राहिलं नाही.

नऊ दिवसांत पहिल्यांदा.

ज्यासाठी त्यानं हा सगळा तमाशा मांडला ते फुकट मिळालं होतं. दोनच काय, अख्खी बिडी. जिन्यात कुणी नाही. वास आला असता तरी कुणी म्हणालं असतं, बापूस ओढून गेला. हरेश्वरनं मूठ उघडायचा प्रयत्न केला, टाकून द्यायला. मूठ उघडेना. मग पेटवायला उघडायचा प्रयत्न केला, तर चटकन उघडली. तेव्हा तो घाबरला. घाट उतरताना ब्रेक गेल्यावर घाबरला होता, तसा. त्यानं मूठ परत आवळली आणि जिवाच्या आकांतानं ओरडला, "हेमांगी! हेमांगी, वर ये! लवकर ये!"

ती दोन-दोन पायऱ्या घेत आली. तिला वाटलं पडला.

"हे काढ," त्यानं मूठ पुढं केली. "माझ्याच्यानं न्हाय सुटत. काढ तू."

ती त्याच्यासमोर बसली आणि एकेक बोट सोडवू लागली. अंगठा, पहिलं, दुसरं. त्याच्या अंगात जोर होता आणि तो उलटा लागत होता, त्याची इच्छा नसताना. "सोडा. सोडा हो," ती म्हणत होती. बिडीचा आतच चुरा झाला होता. तो तिनं झाडून कठड्याबाहेर टाकला.

"हेमा, कावळा मीच हाकलत होतो," तो म्हणाला. "बिडी यावी म्हणून. आयेला घाम फुटला ते ऐकल्यावरपन हाकलला."

हेमांगीचे हात थांबले. तिला सगळं कळायला दोन क्षण लागले असतील. मग तिनं त्याचं मनगट धरलं, टाकीच्या नळाखाली नेलं आणि हात खसाखसा धुतला. त्यानं हात नाकाशी नेला.

"वास येतोय."

तिनं पुन्हा धुतला. पुन्हा त्यानं हुंगला. चार वेळा धुतल्यावर ती रागानं म्हणाली, "तो हाताचा नाय, डोक्यातला आहे. खाली चला."

"आयेला सांगायला पाहिजे."

"सांगा. पण आधी तिला जेवू द्या."

कमळ भिंतीला टेकून जेवत होती. तोंडावर रंग आला होता. रचनाला ती तिसऱ्यांदा तेच सांगत होती, की बघ, आयुष्यभर ऐकलं न्हाय, पन आज ऐकलं. हरेश्वर तिच्यासमोर पाय लांब करून बसला. तिनं शेवटचा घास घेऊन हात धुवेपर्यंत थांबला. नऊ दिवसांत तो कशासाठी इतका वेळ शांत बसला नव्हता.

"आये," तो म्हणाला, "कावळा तवा न्हाय आला. आधीच आला व्हता. मी पंच्यानं हाकलला. पाच येळा. बिडी पेटवायला मिळावी म्हनून."

रचना "दादा!" म्हणाली.  कमळनं हात उचलला आणि त्याच्या थोबाडीत मारली. त्या हातात जोर तो किती असणार, पण हरेश्वरचा गाल पेटला.

"जेवायला आलेल्या बापाला उठवलास? पानावरना?"

"व्हय."

"मी खाली तडफडत व्हते आनि तू..."

"व्हय, आये."

ती पदरानं तोंड पुसत बसली.  बाहेर कुणाच्या तरी टेम्पोची घरघर येऊन गेली. मग कमळनं वेगळ्याच आवाजात विचारलं, "पयला कवा आला व्हता?"

"हाक मारली तवाच. दोनदा काव म्हटलं आनि आला."

"तवा पानावर बिडी व्हती?"

"न्हाय. बिडीचं नाव पन निघालं नव्हतं."

"पयल्या हाकेला," कमळ म्हणाली. "बिडीबिगर." तिचे डोळे भरले आणि वाहू लागले, पण रडण्याचा आवाज नव्हता. "चाळीस वरसं मी त्याच्या पाया पडले, सोड म्हनून. खोकून खोकून रक्त पडलं तरी सुटली न्हाय. मेल्यावर सुटली रं त्याची." तिनं हरेश्वरच्या पट्टी बांधलेल्या पायावर हात ठेवला. "तुला पन मेल्यावरच सोडायची हाय काय?"

हरेश्वरनं मान हलवली, नाही म्हणून. पुन्हा हलवली. मग तो आईच्या गुडघ्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला, आणि रडता रडताही त्याला एक बिडी पाहिजे होती.

प्राप्तीनं त्याच्यासमोर पान मांडलं. दोन वाजले होते. नववा दिवस अजून अर्धा बाकी होता.